त्र्याहत्तरची खाच

थोरल्या मामांना कोणी आपलं जन्मसाल सांगितलं, की ते वय मोजत नसत, भिंतीवरच्या रेकॉर्डच्या फळीकडे बघत. "अडुसष्टचा का? मग तुझा ड्रम लई भारी हाय," असं म्हणून समोरच्याला बुचकळ्यात टाकत. शेवगावात त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा हा पायजमा-टोपीतला माणूस घरी विलायती रॉक ऐकतो, हे गिऱ्हाइकांना कधीच पटलं नाही.

तरुणपणी तांब्याच्या तारेसाठी नगरच्या भंगार बाजारातून त्यांनी माल आणला, त्यात एक बंद पडलेला रेकॉर्ड प्लेअर आणि खोकंभर तबकड्या निघाल्या. बदली होऊन गेलेल्या कुणा लष्करी साहेबाच्या असाव्यात. मामांनी प्लेअर दुरुस्त केला, चालतो का बघायला एक तबकडी लावली, आणि ते व धाकटे मामा, दोघे भाऊ कायमचे कामातून गेले. इंग्रजी दोघांचंही यथातथाच. म्हणून तबकड्यांची नावं कव्हरवरच्या चित्रावरून पडली.

भिंतीवरच्या फळीला मामांनी पासष्ट ते एकोणऐंशी अशा सालवार खाचा पाडल्या होत्या. एका सालाला एकच अल्बम, सगळ्यात आवडता, आणि तोही दोघांच्या एकमताने. "वाटनी शेताची करावी, हिची न्हाई," मामा म्हणत. शेताची वाटणी खरोखरच चहा गार व्हायच्या आत उरकली होती. फळीने मात्र वर्षं खाल्ली. सगळी सालं भरली, त्र्याहत्तर तेवढं रिकामं राहिलं. थोरल्यांना तिथे 'जिन्याची' हवी होती, धाकट्यांना 'कावळ्यांची'.

दर रविवारी जेवणं झाली की दोन्ही लागत आणि मामी आम्हा पोरांना अंगणात पिटाळत.

"तुझ्या कावळ्यांना सुरुवात हाय, शेवटच न्हाई!"

"आन् तुझा जिना चढंस्तवर मानूस म्हातारं हुतं, दादा!"

एकदा धाकट्यांनी गुपचूप कावळे खाचेत बसवले. थोरल्यांनी पाहिलं, भरल्या ताटावरून उठले आणि दुकानात जाऊन झोपले. मामींनी पाठवलेला डबा दोन दिवस तसाच परत आला. सुट्टीला आलेली मी भाची त्या घरात जीव मुठीत धरून बसे. रागही येई. एवढे बाप्ये, आणि भांडण कशावरून, तर रेकॉर्डवरून!

गेल्या हिवाळ्यात धाकट्या मामांची बायपास ठरली. नगरला न्यायला जीप दारात येऊन उभी राहिली. धाकटे उंबऱ्यात थांबले, फळीकडे बघत म्हणाले, "दादा, बसव तुझी जिन्याची. माझी काय हरकत न्हाई."

मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. पण थोरल्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"गप. परत ये, मग भांडू."

"आरं पन दादा..."

"न्हाई म्हनलं ना! तू आल्याबिगर त्या खाचंत काय बी जानार न्हाई!"

तोंडाने ते ओरडत होते आणि हाताने भावाच्या स्वेटरची बटणं लावत होते. जीपमध्येही त्याच्या शेजारीच बसले.

धाकटे मामा परत आले नाहीत.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. धाकट्या मामांची मुलगी संगी उठली आणि तिने बापाची आठवण म्हणून कावळ्यांची तबकडी त्र्याहत्तरच्या खाचेत ठेवली. आमचे सगळ्यांचे डोळे भरून आले. आता तरी मामा मान डोलावतील असं मला वाटलं. ते सावकाश उठले, तबकडी काढली, सदऱ्याच्या बाहीने कव्हर पुसलं आणि परत संगीच्या हातात दिली.

"असू द्या की हो," मामी रडत म्हणाल्या, "आता कुनासंगं भांडायचंय?"

मामांनी रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं.

"त्याचं माझं मिटलं न्हाई अजून."