नीलचं "दोन"

फिजिओच्या खोलीत माणसं दुखणं घेऊन येतात आणि जाताना किस्सा ठेवून जातात. साउथहॅम्प्टनजवळच्या एका क्रिकेट क्लबात मी नऊ वर्षं हे काम करतेय. न मागता इतके किस्से साठलेत, आणि त्यातले निम्मे एकट्या नीलचे. नील म्हणजे आमचा फास्ट बोलर. इथेच जन्मलेला, आईवडील दोघेही नागपूरहून आलेले डॉक्टर. मैदानापेक्षा माझ्या टेबलावरच जास्त दिसायचा.

*

एकोणिसाव्या वर्षी त्याच्या मणक्याला चीर गेली. त्याच्या बाबांनी स्कॅन मराठी डॉक्टरांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा सल्ले आले. कुणी तीन महिने म्हणालं, कुणी सहा, कुणी मँचेस्टरच्या सर्जनचा नंबर दिला.

अकरावा सल्ला एका स्किनच्या डॉक्टरांचा होता : "त्याला अकाउंटन्सीला घाला."

*

पाठ बरी झाली, तर घोटा. कोचला त्याने सांगितलं, "बाथरूममध्ये slip झालो." कोचचा विश्वास बसला. माझाही बसला असता, पण महाराष्ट्र मंडळाने गणपतीच्या लेझीमचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. पहिल्या रांगेत नील, आमच्याच क्लबचा टी-शर्ट घालून.

कोचने तो दोनदा पाहिला आणि मला म्हणाला, "लँडिंग चुकतंय त्याचं. बोलिंग करतानाही असंच चुकतं."

*

आम्ही खेळाडूला विचारतो, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? नीलचं उत्तर ठरलेलं. बोट मोडलं, "दोन." घोटा वांग्याएवढा सुजला, "दोन." खरं सांगितलं तर टीममधून काढतील, ही धास्ती सगळ्याच बोलर्सना असते. पण इतक्या साळसूदपणे खोटं बोलणारा मी दुसरा पाहिला नाही.

एकदाच तो "तीन" म्हणाला. मी पुढे काही न विचारता सर्जनला फोन लावला. उजव्या खांद्यातला स्नायू फाटला होता. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, "परत फाटला तर शिवायला काही उरणार नाही."

*

मग तेरा महिने रिहॅब. सुरुवातीला तर चहाचा मग उचलणं हाच व्यायाम. नीलची आई भूलतज्ज्ञ. उभा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये गेला, पण मुलाची मॅच बघायला कधी आली नाही. त्याला सोडायला यायची आणि गाडीतच बसून राहायची.

एकदा मी विचारलंच, "काकू, आत का येत नाही?"

"अगं, भूल दिलेला पेशंट परवडला," त्या म्हणाल्या. "निदान तो खोटं तरी बोलत नाही."

*

गेल्या सीझनची शेवटची मॅच. नीलचा करार संपत आला होता. क्लबने स्पष्ट सांगितलं होतं, या मॅचमध्ये तो पूर्ण बोलिंग करू शकला तरच पुढचा करार. त्याच्या फिटनेसच्या फॉर्मवर सही माझी. सकाळी त्याला नेटमध्ये सहा बॉल टाकायला लावले. सहाही बरोबर पडले.

"किती?"

"दोन, ताई. Promise."

मी सही केली. मला भीती वाटत होती, तरी केली.

त्या दिवशी काकू पहिल्यांदा स्टँडमध्ये येऊन बसल्या. मांडीवर डबा, तो काही उघडला नाही. मी बाउंड्रीवर. चहानंतरची त्याची तिसरी ओव्हर संपली आणि अंपायरकडून टोपी घ्यायला त्याने डावा हात पुढे केला. नील सगळं उजव्या हाताने करतो. मी एक इशारा केला असता तर कॅप्टनने त्याला लगेच थांबवलं असतं. खांदा वाचला असता, करार गेला असता. नीलने लांबून माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, नको.

मी गप्प बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने आणखी पाच ओव्हर्स टाकल्या. शेवटच्या बॉलवर स्टंप उडाला, आम्ही जिंकलो. सगळे धावत आले, आणि त्याने सगळ्यांना टाळी दिली ती डाव्या हाताने.

खोलीत मी त्याच्या खांद्याला बर्फ बांधत होते, तेवढ्यात कोच आत डोकावला. "काँग्रॅच्युलेशन्स. दोन वर्षांचा करार. सोमवारी सही करायला ये." तो गेला आणि काकू दारात आल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मुलाकडे बघून माझाच प्रश्न त्यांनी विचारला, "किती?"

"दोन, आई."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बर्फाकडे पाहिलं.

नीलने बूट घातलेला पाय हळूच माझ्यासमोर सरकवला. "ताई," तो म्हणाला, "जरा लेस सोडतेस?"