राजव्वा पंगतीत बसते

देगलूरपासून मदनूर फार लांब नाही, मधे फक्त राज्याची हद्द आहे. ती ओलांडून राजव्वा केरबाची बायको होऊन आमच्या गल्लीत आली, त्याला आता तीसेक वर्षं झाली. केरबा तिकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला होता, तिथंच त्यानं तिला पसंत केलं. पुढं तो ट्रकच्या अपघातात गेला तेव्हा पोरगा धम्मानंद शाळेत होता. राजव्वा माहेरी परत गेली नाही. खानावळीत भाकरी थापायची कामं घेऊन तिनं पोराला शिकवलं आणि सासूलाही सांभाळलं. सासू म्हणजे धुरपताबाई. तिला राजव्वा अजून तेलुगूतच ‘अत्तम्मा’ म्हणते. धुरपताबाईला ते आवडत नाही, पण कुणाला काय आवडतं याची राजव्वाला कधी फारशी फिकीर नव्हती.

मला ती आवडते ती म्हणूनच. मी शेजारीण, शिवणकाम करते, आणि आमच्या दोन घरांची भिंत एकच आहे. त्यामुळं पुढं जे सांगते ते मला कुणी सांगितलेलं नाही.

धम्मानंदचं लग्न हिमायतनगरच्या अमृतरावांच्या लुंबिनीशी ठरलं तेव्हा राजव्वानं एकच गोष्ट जाहीर केली. लग्न आपल्या दारी होईल आणि पंगतीला भाकरी असेल, तीही तिच्या हातची. लोक हसले. लग्नात कुणी भाकरी वाढतं का? पुऱ्या करा, बुंदी करा. राजव्वा म्हणाली, “ह्या पोराला भाकरीनं मोठं केलं, पुरीनं न्हाई.” विषय संपला.

मग जयंती आली. आमच्या विहारासमोर जयंतीला रक्तदान शिबिर असतं. ह्या वेळी राजव्वाही गेली आणि हातावरची चिकटपट्टी मिरवत बिस्किटं खात बाहेर आली. तिथं फोन नंबर विचारला तेव्हा तिनं जयंती मंडळाच्या नरसिंगचा दिला, कारण तिचा स्वतःचा फोन कायम धम्मानंदच्या खिशात. चूक झाली ती एवढीच. थोड्या दिवसांनी विष्णुपुरीच्या रक्तपेढीतून नरसिंगला फोन आला, की बाईंना एकदा परत तपासणीला पाठवा. त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. उरलेलं सगळं आमच्या गल्लीनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत राजव्वाला कॅन्सरसुद्धा होऊन गेला होता.

तपासणीत निघाली हेपटायटिस बी, आमच्याकडं जिला पांढरी कावीळ म्हणतात ती. आता कावीळ म्हटलं, की आमच्या लोकांना डॉक्टर लागत नाही. हळद बंद, तेल बंद, मीठ कमी, ताकभात खा. एका गावात नेऊन कुण्या म्हाताऱ्याकडून तिच्या नाकात कसल्याशा पाल्याचा रस टाकवला, ती दिवसभर शिंकत बसली. बाई धडधाकट, ना डोळे पिवळे ना अंगात ताप, आणि तिला आजाऱ्याचं जेवण. जिच्या फोडणीचा वास भिंतीपलीकडून मला भूक लावायचा, तिच्या घरात फोडणीच बंद झाली. मला फार राग आला होता.

सगळ्यात पुढं धुरपताबाई. तिनं एक ताट आणि एक तांब्या बाजूला काढला, ओळखू यावा म्हणून काठाला लाल नेलपॉलिश लावलं आणि राजव्वाला चुलीपासून उठवलं. वर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “तिकडून आणलीय तिनं. आमच्या खानदानात असलं कधी नव्हतं.” तीस वर्षं तिकडची चटणी बोटं चाटून खाल्ली, तेव्हा तिकडचं काही बाधलं नाही.

राजव्वा दोन दिवस त्या ताटात जेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नीट साडी नेसून माझ्या दारात उभी राहिली. “अक्का, चल. विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात जायचंय. नाकात रस टाकणाऱ्याला काय विचारायचं? ज्यानं रक्त बघितलं त्याला विचारू.”

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिनं आणखी तपासण्या केल्या, पोटाची सोनोग्राफी केली. पुढच्या खेपेला म्हणाली, विषाणू रक्तात आहे, पण सध्या शांत आहे, लिव्हर चांगलं आहे. औषध लागत नाही, मात्र सहा महिन्यांनी येऊन तपासायचं, ते आयुष्यभर. हा खाण्यापिण्यातून, शेजारी बसल्यानं पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून पसरतो. एकाची सुई, एकाचं ब्लेड दुसऱ्याला वापरलं तर, किंवा बाळंतपणात आईकडून बाळाला.

“मंग मी भाकरी थापू का?” राजव्वानं विचारलं. तिला बाकी कशात रस नव्हता.

“थापा की. बोट कापलं असेल तर पट्टी लावा.”

“कापल्या बोटानं कुणीच थापू नये,” राजव्वा म्हणाली. डॉक्टरीण हसली.

“आणि हे मी तिकडून आणलं का?”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही. हा इकडंही आहे, तिकडंही आहे. लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. ज्यांना नाही त्यांना लस देता येते.”

घरी आल्यावर धुरपताबाई तपासणीला साफ नाही म्हणाली. “मी कशाला? मी देगलुरात जन्मले, हद्दीच्या पलीकडं पाय न्हाई टाकला.”

“ठीक हाय,” राजव्वा म्हणाली. “मंग लगीन बी थांबलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त बघितल्याबिगर मी दुसऱ्याची लेक ह्या घरात आणणार न्हाई. अत्तम्मा, सांग तू अमृतरावला, तुझ्यामुळं थांबलं म्हणून.”

दुसऱ्या दिवशी म्हातारी रिक्षात बसली. धम्मानंदच्या रक्तात काही निघालं नाही, त्याला लसीचं पहिलं इंजेक्शन दिलं. धुरपताबाईच्या रक्तात मात्र तेच निघालं, आणि तिचं लिव्हरही थोडं कडक झालेलं. तिला रोजची गोळी सुरू झाली. दोन्ही हातांवरचं गोंदण बघत ती सारखी विचारत होती, की लहानपणी बाजारात एकाच सुईनं सगळ्या पोरींना गोंदलं, त्यातून आलं असेल का? डॉक्टरीण म्हणाली, असेलही, नसेलही. आता गोळी चुकवू नका.

गोळी सुरू झाली त्या संध्याकाळी म्हातारी गुपचूप ते लाल काठाचं ताट घेऊन कोपऱ्यात बसली. भिंतीपलीकडं आधी भांडं आपटल्याचा आवाज आला, मग राजव्वाचा. “उठ तिथून. ह्या घरात कुणाचं ताट बाजूला लागणार न्हाई. माझं लागलं ते लई झालं.” मग कितीतरी दिवसांनी फोडणीचा वास आला. मला रडू आलं, ते काही मी लपवलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण हिमायतनगरलाही लोकांना तोंडं आहेत. लग्नाच्या आठवडाभर आधी अमृतराव आले. माणूस वाईट नाही, पण भावकीला घाबरणारा. चहा ठेवू का विचारलं तर नको म्हणाले आणि मान खाली घालून बोलायला लागले. “ताई, मला तुमच्याबद्दल शंका न्हाई. पण लोक बोलून राहिलेत. आचारी बाहेरचा लावू, खर्च मी करतो. आणि तुम्ही दोघी जेवणाच्या वेळेला जरा घरात बसा. एका दिवसाचा तर प्रश्न हाय.”

राजव्वा काही बोलणार तेवढ्यात धुरपताबाई ओट्यावरून उतरली. ह्याच म्हातारीनं गल्लीभर बोंब मारली होती, म्हणून मी शिलाई थांबवून दारात आले.

“अमृतराव, तुमच्या बापाला हाटेलात चहा कशात मिळायचा?” तिनं विचारलं.

अमृतरावांनी मान वर केली.

“सांगा की. वेगळ्या कपात, बाहेर उभं राहून, आणि पिऊन झाला की सोताच धुऊन ठेवायचा. माझ्या बापालाबी तसाच. त्यापायी त्यानं चहाच सोडला. आता तुम्ही आपल्याच लोकांत तो कप पुन्हा आणून राहिलात का? मीबी आणला होता, ह्या सुनेसाठी. मला लाज वाटते त्याची. तुम्हाला वाटत न्हाई का?”

अमृतराव म्हणाले, “मी लोकांना कसं समजावू?”

“तुम्ही नका समजावू,” राजव्वा म्हणाली. “भाकरी मी थापणार. ज्याला खायची त्यानं खावी.”

लग्नाच्या दिवशी तिनं पहाटेपासून आम्हा गल्लीतल्या बायकांना घेऊन भाकरी थापल्या. भाकरीवर भाकरी चढत गेली. गल्लीतल्याच विहारात लग्न लागलं, लुंबिनी आणि धम्मानंद बाहेर आले, मांडवात सतरंज्या अंथरल्या. नवरदेवाची आई सगळ्यात शेवटी जेवते, ही आमच्याकडची रीत. राजव्वानं हात धुतले, सासूचा दंड धरला आणि पहिल्याच पंगतीत, मधोमध, दोघी मांडी घालून बसल्या. वाढपी पाहतच राहिले. राजव्वा म्हणाली, “वाढ.”

हिमायतनगरकडची माणसं एकमेकांकडं बघू लागली. त्यातले काही जण जागेवरून उठले, चपला घातल्या आणि बसस्टँडकडं चालू लागले. अमृतराव मधेच उभे होते, धड इकडं ना तिकडं. तेव्हा लुंबिनी, अंगावरच्या हारासकट, येऊन सासूच्या शेजारी बसली आणि वर न बघता म्हणाली, “बाबा, बसा. गार हून राहिलंय.”

अमृतराव बसले. धम्मानंद बसला, नरसिंग बसला, मग गल्ली बसली. तरी उठून गेलेल्यांच्या जागा मधे तशाच मोकळ्या दिसत होत्या. म्हातारीचा हात ताटावरच थांबला होता, तिचं लक्ष सारखं त्या जागांकडं जात होतं.

राजव्वानं तिच्या ताटातली भाकरी मोडून दिली. “तिकडं काय बघती, अत्तम्मा? खा. तुला गोळी घ्यायची हाय.” मग तिनं वाढप्याला हाक मारली आणि म्हणाली, “ते गेले त्यांच्या वाटणीच्या भाकरी इकडं आण. आम्हाला लई भूक लागलीय.”