सतरा मिनिटांचं कारण

मला पसारा खपत नाही. स्वयंपाकघरातला नाही, टेबलावरचा नाही आणि कोडमधला तर मुळीच नाही. घरचे म्हणतात, हिच्या हाती झाडू दिला की कामाचा कागदही केरात जातो. मी ते थट्टेवारी नेत असे.

रत्नागिरीत एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करून फावल्या वेळात मी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका आवृत्तीसाठी, डिस्ट्रोसाठी, पॅकेजं सांभाळते. म्हणजे कोणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड तपासायचा, नीट बांधायचा आणि अपडेट म्हणून सगळ्यांच्या मशीनवर पोचेल असा ठेवायचा. पगार नाही, पण पॅकेजपुढे आपलं नाव लागतं. मला त्या नावाचं भारी अप्रूप होतं.

शेजारचे काका बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले. साठीनंतर हट्टाने प्रोग्रॅमिंग शिकून त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. छापील तक्त्यातल्या वेळा मुख्य बंदराच्या असतात. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, कुठे दहा मिनिटं, कुठे अर्धा तास. हे फरक काका एकेका जेटीवर उभे राहून, घड्याळ बघून टिपून आणत. मच्छीमार सोसायटीच्या मशीनवर दर महिन्याला त्याचा कागद छापून भिंतीला लागे. ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जाणाऱ्या बायका तो विचारून जात, कारण पाणी चढायच्या आत माघारी यायचं असतं.

हा प्रोग्रॅम डिस्ट्रोत घ्यायची कल्पना माझी. काकांनी खुशीत पेनड्राइव्ह दिला. फाइल उघडली आणि माझं डोकंच फिरलं. कोडची एक ओळ, की खाली टिपणांच्या दहा. ‘आतली जेटी, सतरा मिनिटं. तरीवाला नावाडी वीस म्हणाला. तीनदा पाहिलं, सतराच.’ ‘हर्णेला मासळीचा लिलाव बघायला गेलो तेव्हा पडताळलं.’ पुढे वाळूबद्दल, खाडीच्या वळणाबद्दल बरंच काही होतं. ते मी वाचलंसुद्धा नाही. दोन संध्याकाळी बसून सगळी टिपणं पुसली आणि आकडे एका सुबक तक्त्यात मांडले. मगच ती फाइल डिस्ट्रोत चढवली, त्यामुळे तिथली पहिली नोंदच झाडलेल्या फाइलची. पेनड्राइव्हवरही तीच टाकून तो परत दिला.

पुढे काकांचं जुनं मशीन पुसून नवं लिनक्स घालून दिलं, तेही मीच. जुनी फाइल वेगळी ठेवायची का, असं त्यांनी विचारलं होतं. मी हसून म्हटलं, “काका, तुमचा सोर्स आता डिस्ट्रोत आहे. जगात कुठूनही उतरवून घ्या.” त्यांना ते ऐकून केवढं बरं वाटलं होतं.

गेल्या वर्षी खाडीच्या तोंडाची वाळू काढली. त्यानंतर काही दिवसांनी आतल्या जेटीवरची एक कालववाली बाई सोसायटीत आली आणि तिथल्या क्लार्कने तिला माझ्याकडे धाडलं. कागदावरची वेळ धरून ती खडकावर थांबली होती. परतताना कमरेएवढ्या पाण्यातून आली, टोपली तिथेच सोडून. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “पाणी लवकर चढतंय हल्ली. तुमच्या कागदात तसं नाय.”

मी तडक काकांकडे गेले. त्यांना लगेच उमगलं. पाणी वाळूमुळे अडत असेल, तर आता तो उशीर कमी होणार. खाडीच्या वळणामुळे असेल, तर काही बदलणार नाही. सतरामधली वाळूची किती आणि वळणाची किती, एवढंच बघायचं. मी विचारलं, किती? काका हसले.

“ते मला कसं आठवेल? लिहून ठेवलं की मी मोकळा. फाइल उघड ना गो, सगळ्या जेट्यांचं लिहिलंय तिथे.”

मी लॅपटॉप उघडला. दुसरं काय करणार होते? काका तळापर्यंत गेले, परत वर आले, पुन्हा एकदा तळापर्यंत गेले. मग चष्मा काढून म्हणाले, फार सुबक केलंयस. त्यात टोमणा नव्हता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. ते म्हणाले, तरीवालाही आता नाही विचारायला, आणि माझे गुडघे उभं राहू देत नाहीत. आता तू उभी राहा.

उधाणापासून भांगापर्यंत, मोठ्या भरतीपासून लहान भरतीपर्यंत, मी रोज जेटीवर घड्याळ घेऊन उभी राहिले. एकदा ती बाई शेजारी येऊन पाणी कुठवर आलं ते दाखवून गेली. आतल्या जेटीची नऊ मिनिटं निघाली. नवा आकडा घातला, कोणी, कुठे उभं राहून, किती वेळा पाहिलं तेही लिहिलं. उरलेल्या अकरा जेट्यांच्या प्रत्येक आकड्यावर तीच एक ओळ घातली: ‘याचं कारण इथे लिहिलेलं होतं. मी पुसलं.’ खाली माझं नाव.

अपडेट गेलं. काकांनी ते आपल्या मशीनवर घेतलं, सोर्स उतरवून वाचला आणि फोन केला.

“ती ओळ काढ गो,” ते म्हणाले. “उगीच पसारा वाटतो.”

मी ती काढलेली नाही.