काचेवरचं कुंकू

दिल्लीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक बिनपगारी नोकरी असते, ती म्हणजे गाइडची. सुट्ट्या लागल्या की गावाकडून फोन सुरू होतात. "आम्ही येतोय, फार त्रास घेऊ नका, जमलं तर दिल्ली तेवढी दाखवा." मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कामाला आहे, घर मयूर विहारच्या एका सोसायटीत. इतक्या पाहुण्यांना कुतुबमिनार दाखवलाय, की तो उद्या कलला तर सगळ्यात आधी मला कळेल. दाखवायचं सगळं, पण स्वतः मात्र वर बघायचं नाही, अशी माझी गत झाली होती.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई आल्या तेव्हाची गोष्ट मात्र वेगळी होती. त्या सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दूधवाल्याने दार वाजवेपर्यंत ओल्या फरशीवर तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण इकडे माझ्या नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, आता कायमची इकडेच ये," असा त्याने हट्टच धरला. त्या म्हणाल्या, "आधी येऊन बघते. राहवेल असं वाटलं तर तसं सांगेन. नाही वाटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

म्हणजे आता सगळी भिस्त दिल्लीवर, आणि दिल्ली दाखवणार मी. मला त्या हव्या होत्या, हे सरळच सांगते. माझी आई गेल्यापासून मला 'अगं' म्हणून हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सुरुवातच बरी झाली नाही. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी आहे, दार बंद होताना दचकवते. त्या म्हणाल्या, "या डब्यात मी बसणार नाही," आणि पदर खोचून जिना चढायला लागल्या. प्रत्येक मजल्यावर थांबून खिडकीतून खाली बघायच्या आणि "बाई बाई" म्हणायच्या.

शहराने मात्र आपलं काम चोख केलं. कुतुबखाली त्यांनी मान मागे टाकली, पदर घसरला, तरी खाली बघेनात. तेव्हा इतक्या वर्षांनी मीही वर बघितलं. लाल दगडात फिरत गेलेली ती अक्षरं, सज्जे, आणि त्याहून वर निळ्या आभाळात चकरा मारणाऱ्या घारी. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हुमायूनच्या मकबऱ्यात त्या घुमटाखाली उभ्या राहिल्या आणि आपोआप हळू आवाजात बोलायला लागल्या. लाल किल्ल्यात संगमरवरावर हात टेकवून म्हणाल्या, "गार आहे गं, माठासारखा."

मी खूश. परतताना मेट्रोत विचारलं, "मग, कशी वाटली दिल्ली?"

"डोळ्यांचं पारणं फिटलं," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या थोरल्या गावात आपण राहायचं कुठे?"

"आपल्या घरी!"

"तसं नाही गं. सगळं बादशहांचं आहे इथलं. माझ्या ओळखीचं काय आहे?"

जितकं भव्य दाखवावं तितक्या त्या आणखी पाहुण्यासारख्या वागत होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग मी बाजाराकडे वळले. करोल बागेत त्यांनी भरपूर खरेदी केली, पण सगळी सोलापूरच्या शेजारणींसाठी. हिला शाल, तिच्या सुनेला बांगड्या, देवळाजवळच्या फुलवालीला मफलर. प्रत्येक पिशवीगणिक माझं मन खट्टू होत गेलं, कारण जो गावासाठी घेतो तो गावाला परत जाणार असतो. मी त्यांना एक मऊ रजई दाखवली. "इथल्या थंडीला लागेल, आई."

"सोलापुरात रजई घेऊन काय करू? भाजून घेऊ का स्वतःला?"

दुकानदाराला वाटलं, बाईंना रजई पसंत नाही. त्याने फटकन एक चादर उलगडली. "माताजी, ये लीजिए, असली सोलापुरी!" सासूबाईंनी चादरीचा काठ उलटसुलट करून बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि भर दुकानात डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. पण त्या हसण्यात त्यांना घराची आठवण आली होती, ते मला दिसत होतं.

जायच्या आदल्या दिवशी मोठं म्युझियम तेवढं राहिलं होतं. माझी कॉलेजात जाणारी लेकही बरोबर आली. हडप्पाच्या दालनात मी पाहुण्यांना नेहमी त्या नाचणाऱ्या मुलीच्या छोट्या मूर्तीपाशी नेते, फोटो झाला की पुढे. त्या दिवशीही मी तशीच पुढे गेले. मागे वळले तर सासूबाई बरोबर नाहीत. त्या पार मागे, ज्या कपाटापुढे मी कधी थांबलेच नव्हते, तिथे उभ्या होत्या.

आत एक दगड होता. मधोमध खोलगट झिजलेला, आणि त्याच्यावर आडवा ठेवलेला गोल, लांबट दगड.

"अगं, पाटा आहे हा," त्या म्हणाल्या. "पाटा-वरवंटा."

लेकीने विचारलं, "आजी, वरवंटा म्हणजे क्या होता है?"

"ज्याने वाटतात तो दगड गं! तुझ्या बारशाला नव्हता का फिरवला? वरवंट्याला न्हाऊ घालायचं, कुंची घालायची, बाळासारखा सजवायचा. मग पाळण्याच्या खालून, वरून एकीने द्यायचा, दुसरीने घ्यायचा. तो पाळण्यात जाऊन आला की मग खरं बाळ ठेवायचं. म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं. तुझ्या बाबाच्या बारशालाही तोच होता."

"अच्छा! मतलब मेरे से पहले दगड?" लेक हसली, आणि मग तीही काचेला नाक लावून बघायला लागली.

मी पाटी वाचली. साडेचार हजार वर्षं. मी त्या खोलगट जागेकडे बघत राहिले. कुणा बाईने तिथे गुडघे मुडपून रोज काहीतरी वाटलं होतं. मग तिच्या सुनेने. मग तिच्याही सुनेने. दगड झिजेपर्यंत. एवढे मोठे मिनार आणि घुमट बघून जे झालं नव्हतं ते मला तिथे झालं. लेकीच्या शेजारी मीही काचेला तळहात टेकवला.

तेवढ्यात सासूबाईंनी पर्स उघडली. माझ्यासाठी आणलेली तुळजापूरच्या कुंकवाची पुडी त्यात अजून तशीच होती. मला कळायच्या आत त्यांनी करंगळीशेजारचं बोट त्यात बुडवलं आणि बरोबर पाट्यासमोर, काचेवर, ठसठशीत बोट उमटवलं. वर हात जोडले.

"माताजी! ये क्या कर दिया?" पहाऱ्यावरची बाई खुर्चीवरून ताडकन उठली. "ये मंदिर नहीं है!"

"मालूम है बेटा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मंदिर नहीं है। पण किसीके घर का है ना।"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी "सॉरी, सॉरी" म्हणत ओढणीने काच पुसायला लागले. ती पहारेकरीण एकदा काचेकडे, एकदा म्हातारीच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "ठीक से पोंछ दीजिए, दीदी।"

बाहेर हिरवळीवर आम्ही उन्हात बसलो. सासूबाई संत्रं सोलत होत्या, पण खात नव्हत्या.

"ही माणसं कुठे गेली गं?"

"नक्की कुणाला माहीत नाही. नदीचं पाणी आटलं, म्हणून गाव सोडून गेली, असं म्हणतात."

"पाटा मागे टाकून?"

"जड असतो ना, आई. कुठे वागवणार?"

त्यांनी संत्र्याच्या शिरा एकेक करून काढल्या. मग हातातल्या फोडी लेकीला देत म्हणाल्या, "माझ्याच्याने नाही बाई टाकवणार माझा पाटा."

मला माझं उत्तर मिळालं. त्यांनी बजावल्याप्रमाणे मी पुन्हा विचारलं नाही. नवऱ्याला सांगायचा मात्र धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवलं, खिडकीतून त्यांचा हात धरला आणि परत येताना भर मेट्रोत रडले. शेजारच्या बाईने न विचारता मला बसायला जागा दिली.

थंडी ओसरायला लागली होती तेव्हा कचेरीत त्यांचा फोन आला. मला आधी भीतीच वाटली, कारण कामाच्या वेळी त्या कधी फोन करत नाहीत.

"अगं, तुमच्या त्या डब्यात पाट्याचं वजन झेपेल का?"

"कुठल्या डब्यात?"

"लिफ्ट गं तुमची! मी चढेन जिना, पण पाटा कोण चढवणार? माझा लेक तर कंबर मोडून घेईल."

समोर साहेब फाइल घेऊन उभे होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"ऐकतेस ना?" त्या म्हणाल्या. "वरवंटा मात्र मी सामानात टाकणार नाही. मांडीवर घेऊन येईन. तिकडे अजून गार असेल ना? मग कुंची घालूनच आणते त्याला."