सुएनोवहिनीची शेवंती

मी सुएनोवहिनीची नणंद. तिचं कौतुक करणं माझ्या अगदी जिवावर येतं, पण या शेवंतीपुढे माझा नाइलाज आहे.

कानाझावात मुरोई गुरुजींच्या कारखान्यात ती ऐन तारुण्यापासून राबली. गुरुजी रेशमावर निळ्या रसाने फुलं काढायचे. वहिनी त्यावरून तांदळाच्या खळीची बारीक रेघ ओढायची, म्हणजे एका पाकळीतला रंग दुसरीत पसरत नाही. किमोनोवर शिक्का मात्र गुरुजींचा. वहिनीने स्वतःचा शिक्का मागितला की म्हणायचे, "गिरवणं वेगळं आणि चित्र काढणं वेगळं, बाई." त्या दिवशी घरी वहिनीच्या सुरीखाली मुळ्याची काही खैर नसायची.

एका हिवाळ्यात नवरीच्या किमोनोवर गुरुजींनी जीव ओतून फुलं काढली आणि आपल्याच हाताच्या धक्क्याने गरम पाण्याचा पेला त्यावर सांडला. तो निळा रस पाण्याने निघून जाण्यासाठीच असतो. रेशीम कोरं झालं. लग्न तोंडावर आलेलं, आणि गुरुजींचा हात थरथरणारा. मी तेव्हा वहिनीचा डबा घेऊन दारातच उभी होते.

"माझी फुलं तुला पाठ आहेत. काढ," गुरुजी म्हणाले.

"तुमची गेली, गुरुजी. आता काढेन ती माझी."

"आणि नासलं तर?"

"तर पुन्हा शिक्क्याचं नाव काढणार नाही."

मला वाटलं, हिला वेड लागलंय! तिने खळीचा कोन उचलला आणि थेट रेशमावर टेकवला. आमच्या परसातली शेवंती उतरू लागली, वाऱ्याने कललेली, किड्यांनी कुरतडलेल्या पानांसकट. चुकली असती तर खोडायची सोय नव्हती. ती चुकली नाही.

रंग भरले, वाफ दिली. मग आसानो नदीच्या बर्फगार पाण्यात उतरून वहिनीने किमोनोचं कापड सोडलं. खळी सुटत गेली तशा पांढऱ्याशुभ्र रेघा उमटल्या, आणि सगळी शेवंती पाण्यात डोलू लागली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पुलावरून एक व्यापारी ओरडला, "वा, मुरोई! काय हात आहे तुमचा!"

गुरुजी काठावरून खेकसले, "माझा कुठला? अशी रेघ मला उभ्या जन्मात जमली नाही. सुएनोची आहे ती!"

"मग शिक्का?" वहिनीने पाण्यातूनच विचारलं.

"तुझाच. आता बाहेर ये, गारठशील."

"आधी परत सांगा. मोठ्याने."

आणि गुरुजींनी पुलावरची सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने ते पुन्हा सांगितलं.