हवालदारांचा सात नंबर

हवालदारांना 'बघू' हा शब्द चालत नसे. कोणी 'बघू' म्हणालं की ते बोलणं तिथंच थांबवत, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसवत आणि विचारत, "बघू म्हंजी व्हय का न्हाई?" समोरचा गडबडून जाई. कोपरगावच्या बाजारातल्या भाजीवालीपासून कचेरीतल्या अव्वल कारकुनापर्यंत सगळ्यांना त्यांनी हा प्रश्न कधी ना कधी विचारला होता. "फौजेत बघू म्हननारा मानूस मी येकच बघितला," ते सांगत. "त्यो बघतच ऱ्हायला आन् आमची गाडी निघून गेली." आणि स्वतःच्याच गोष्टीवर खांदे हलवत हसत.

फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हापासून गाव त्यांना हवालदारच म्हणत असे. मीही त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. छप्पन साली सुट्टी काढून ते दीक्षा घेऊन आले होते. त्यांचं घर नदीकाठी, बौद्ध वस्तीत, अगदी सखल जागेत. गोदावरीला पाणी चढलं की गावात सगळ्यात आधी त्यांच्या घरात शिरे. मग हवालदार, त्यांच्या पत्नी गयाबाई आणि मुलगी सुजाता भांडीकुंडी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसत. पाणी उतरलं की हवालदार भिंतीवरच्या ओलीच्या खुणा मोजत आणि म्हणत, "औंदा दीड इत जास्ती."

म्हणूनच असेल, फौजेतून मिळालेल्या पैशांत त्यांनी नदीपासून लांब, येवल्याच्या रस्त्याला, सव्वादोन एकर उंच माळ घेतला. नुसता मुरूम. कॅनॉलचं पाणी तिथं चढत नव्हतं. चहूकडे ऊस होत असताना ह्या माणसानं कुसळं विकत घेतली म्हणून लोक हसले. हवालदार त्यांना सांगत, "हितं ऊस न्हाई, मानसं उगवत्याल. गाव हिकडंच सरकनार हाय." नवरा-बायकोनं आणि धाकट्या भावानं मिळून दोन उन्हाळे खपून त्या माळावर विहीर खणली. खडक फोडताना भावाचं एक बोट गेलं. पाणी लागलं, आणि गोड लागलं.

दहा-बारा वर्षांत त्यांचं म्हणणं खरं झालं. एकाहत्तर साल असेल. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. माझ्यासारखेच आणखी काही शिक्षक, कोर्टातले आणि पंचायत समितीतले कारकून मिळून आम्ही सतरा जणांनी घरबांधणीची सोसायटी काढायची ठरवली. कोर्टातले नाझर अध्यक्ष झाले. लिहायचं काम दुसरं कोणी घेईना, म्हणून चिटणीस मी. जागा शोधायला लागलो तर सगळ्यांची बोटं एकाच माळाकडे वळली. रस्ता जवळ, पुराची भीती नाही, आणि विहीर आयती.

गावातल्या एका तेलगिरणीच्या मालकानं तोच माळ आमच्यापेक्षा बराच जास्त भाव देऊन मागितला होता. हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही पडेल चेहऱ्यानंच हवालदारांच्या घरी गेलो. गयाबाईंनी चहा केला. अध्यक्ष म्हणाले, आत्ताच घेऊन निघालो. आणखी दोघांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. मी प्यायलो आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. हवालदारांनी सगळ्या कपांकडे एकदा पाहिलं. म्हणाले, "गिरनीवाला पैसं जास्ती देतोय. पर त्यो तितं गोदाम बांदनार. मला तितं घरं पायजेत. मास्तर लोकांची."

"का हो?" मी विचारलं.

त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. सुजाता तिथं पुस्तक घेऊन बसली होती. माझ्याच आठवीच्या वर्गात होती ती. "हिच्यासाटी. डावीकडं मास्तर, उजवीकडं मास्तर. अडलं तर कुंपनावरनं इचारंल. तिच्या कानावर चार शब्द बरं पडत्याल." मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "प्लॉट अठरा पाडा. सतरा तुमचे, येक माझा. फुकट न्हाई, तुमच्यावानीच पैसं भरून. व्हय का न्हाई?"

"व्हय," अध्यक्ष म्हणाले. अगदी त्यांच्याच भाषेत.

त्यानंतरचे दोन महिने हवालदार आमच्यापेक्षा जास्त खूश होते. फौजेतलं त्यांचं पाऊल तीस इंचांचं, त्यात एका इंचाचा फरक पडायचा नाही असा त्यांचा दावा. सरकारी मोजणीदार यायच्या आधीच त्यांनी सगळा माळ पावलांनी मोजला आणि चुन्याच्या फक्कीनं अठरा प्लॉट आखले. रविवारी आम्हाला बायकामुलांसह तिथं बोलावलं आणि एकेकाला हाताला धरून त्याच्या त्याच्या घरात फिरवून आणलं. "वैनी, ही तुमची पडवी. आवो, तिकडून नगा जाऊ, तितं भीत हाय!" माझी बायको खरंच थबकली आणि वळसा घालून आली. सगळे हसले. माझा प्लॉट सहा नंबरचा. त्याला लागून सात नंबर त्यांनी स्वतःसाठी धरला होता. पुढं मोजणीदाराची साखळी पडली तेव्हा हवालदारांची चूक कुठंच वीतभराहून जास्त निघाली नाही.

खरेदीच्या वेळी प्रश्न आला. हवालदार म्हणाले, माझा सात नंबर सोडून बाकीचं खरेदीखत करा. अध्यक्षांनी समजावलं, की बिनशेतीची परवानगी मिळायची तर अख्खा सर्व्हे नंबर सोसायटीच्या नावावर हवा, तुकडे पाडले तर कागद अडेल. तुम्ही आज सगळं लिहून द्या, सोसायटीची नोंदणी झाली की सभासद होऊन सात नंबर परत घ्या. तसा ठराव करू. ठराव झालाही. मी माझ्या वहीत तो लिहिला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवला. गयाबाई दारातूनच म्हणाल्या, "त्ये खरेदीखतात नगं का लिव्हायला?" हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजींनी लिव्हलंय न्हवं? मग झालं." दुसऱ्या दिवशी रजिस्टर कचेरीत त्यांनी झोकदार सही केली.

नोंदणी होऊन नकाशा मंजूर होईपर्यंत बहात्तरचा उन्हाळा आला. पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. गावातल्या विहिरी तळ दाखवू लागल्या, पण माळावरच्या विहिरीत पुरुषभर पाणी होतं. आमच्यातले काही जण सायकलला हंडे अडकवून तिथून पाणी आणत. अशा दिवसांत एका रविवारी दुपारी शाळेच्या वर्गात सोसायटीची सभा भरली आणि हवालदारांचा सभासदत्वाचा अर्ज पुढे आला.

"माझं स्वतःचं काही नाही," अध्यक्षांनी सुरुवात केली. त्या दिवशी जो बोलायला उठला त्यानं ह्याच वाक्यानं सुरुवात केली. कुणाची आई खेड्याहून येऊन राहायची होती, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं. आणि विहीर एकच होती. चित्रकलेचे शिक्षक चाचरत म्हणाले, "पण ती विहीर खणली त्यांनीच ना?"

"खणणं वेगळं आणि शेंदणं वेगळं," अध्यक्ष म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी एकटा काय करणार होतो. पण खरं कारण एवढंच, की मला सहा नंबर हवा होता आणि अध्यक्षांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. अध्यक्षांनी सांगितलं, "अर्ज पुढील सभेपर्यंत तहकूब." मी तसं लिहिलं. जुना ठराव नोंदणीच्या आधीचा, माझ्या घरच्या वहीतला. सोसायटीचं नवं प्रोसिडिंग बुक त्यानंतर सुरू झालेलं. त्यात त्या ठरावाचा उल्लेख नव्हता आणि त्या दिवशी कोणी तो काढलाही नाही. पुढच्या महिन्यात नकाशा बदलून आला. मागच्या ओढ्याकाठची खुली जागा एकोणीस नंबरचा प्लॉट झाली, ती अध्यक्षांच्या मेहुण्याला गेली. सात नंबरवर 'खुली जागा' असं लिहिलं होतं.

हवालदार माझ्या घरी आले. संध्याकाळ होती. बायकोनं खुर्ची पुढे केली तरी ते उभेच राहिले.

"गुरुजी, ती वही तुमच्याजवळ हाय न्हवं?"

वही आतल्या फळीवर होती. कितव्या पानावर ठराव आहे तेही मला माहीत होतं.

"बघू," मी म्हणालो. "शोधावी लागेल."

त्यांनी टोपी काढली नाही, प्रश्न विचारला नाही. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. नका सोदू."

"हवालदार, तुम्ही दावा लावा ना," मी घाईघाईनं म्हणालो.

"कोर्टात? तितं नाझर कोन हाय?" एवढं बोलून ते पायऱ्या उतरले. त्या दिवसानंतर सुजाता माझ्या तासाला पहिल्या बाकावरच बसत होती, पण तिचा हात पुन्हा वर आला नाही. आधी उत्तर येवो न येवो, तिचा हात सगळ्यात आधी वर असायचा.

पुढे पाऊस चांगला झाला आणि दोन-तीन वर्षांत आमची घरं उभी राहिली. पहिल्या स्वातंत्र्यदिनाला खुल्या जागेत झेंडा लावायचं ठरलं. अध्यक्षांना आठवण झाली, की आपल्या ओळखीत एक माजी सैनिक आहेत. त्यांच्या हस्ते झेंडावंदन केलं तर शोभेल आणि मनातलं किल्मिषही जाईल. ते स्वतः आमंत्रण द्यायला गेले. मला वाटलं होतं हवालदार त्यांना हाकलून देतील. ते म्हणाले, "झेंड्याला न्हाई म्हनत न्हाई मी."

ते आले. कोटावर पदकं, बुटांना पॉलिश. आम्ही बांधलेली दोरीची गाठ सोडून त्यांनी पुन्हा बांधली, झेंड्याची घडी स्वतः घातली. झेंडा फडकला तेव्हा त्यांची सलामी अशी होती की हसणारी पोरंसुद्धा गप्प झाली. मग अध्यक्षांनी दोन शब्द बोलायची विनंती केली.

"भाषान मला येत न्हाई," हवालदार म्हणाले. "येकच सांगतो. ह्यो खांब जितं रवलाय तितं आमचं सैपाकघर हुनार हुतं. झेंड्याची जागा झाली, म्हनून आज मी काय बोलत न्हाई. जय हिंद. जय भीम."

भाषण संपलं असं समजून पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांपैकी कोणाचे हात उचलले गेले नाहीत. चित्रकलेचे शिक्षक पेढ्यांचं ताट घेऊन त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि तसेच परत आले.

त्याच वर्षी हवालदारांनी नदीकाठचं घर भावाला दिलं आणि ते औरंगाबादला निघून गेले. सुजाताला तिथं कॉलेजात घालायचं होतं म्हणे. मी गाडीवर पोचवायला जाणार होतो, गेलो नाही. सहा नंबरात माझं घर झालं, मुलं मोठी झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर ती मोकळी जागा दिसे. बायको एकदा पोळ्या लाटताना म्हणाली, "शेजार चांगला मिळाला असता आपल्याला." मी जेवण अर्धं टाकून उठलो. तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही.

पाच-सहा वर्षांनी त्यांच्या भावाकडून कळलं, की हवालदार गेले. मी औरंगाबादला गेलो. दोन खोल्यांचं नेटकं घर होतं, दारात तुकडाभर बाग. सुजाता तिथल्या एका शाळेत शिक्षिका झाली होती. तिनं मला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. आजार कसा होता, शेवटी त्रास झाला का, सगळं तिनं नीट सांगितलं. गयाबाई कॉटवर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाठ केलेली होती, ती तशीच राहिली.

"बाबा तुमची आठवण काढायचे," सुजाता म्हणाली.

मी विचारायला नको होतं. पण विचारलं, "काय म्हणायचे?"

"गुरुजींचं अक्षर फार चांगलं होतं, म्हणायचे."

मी थांबलो. ती आणखी काही बोलेल असं वाटलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"कोपरगावची गाडी चारला आहे, सर," ती म्हणाली. "आत्ता निघालात तर मिळेल."