निवटीच्या बिळातली हवा

आमच्या निसर्गसंस्थेच्या उपनगर शाखेची मी प्रमुख झाले ती सभेला अर्धा तास उशिरा पोहोचल्यामुळे. तोवर बाकी सगळ्यांनी नको म्हणून झालं होतं. मी दारातून आत शिरले आणि टाळ्या वाजल्या. ज्युनिअर कॉलेजात अठ्ठावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. पार्ल्याच्या घरात मी आणि आई दोघीच. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून हो म्हटलं.

शाखाप्रमुख म्हणजे फोन उचलणारी बाई, हे पहिल्या महिन्यातच कळलं. घाटकोपरच्या एका सोसायटीत धामण निघाली, बोरिवलीत कुणाच्या डोक्यावर कावळा टोचा मारतोय, अंधेरीत झाडाच्या ढोलीतून पिल्लू पडलंय. मी विचारायची, धामण किती लांब होती? कुठल्या बाजूला गेली? तोंडात काही होतं का? समोरचा माणूस वैतागून म्हणायचा, "मॅडम, तुम्ही माणूस पाठवताय की नाही?" माणूस पाठवायचेच, पण धामणीच्या तोंडात काय होतं हे कळलं नाही तर मला दिवसभर चुकचुकल्यासारखं व्हायचं.

हिवाळ्यात आम्ही सभासदांना माहुलच्या जेट्टीवर रोहित पक्षी दाखवायला न्यायचो. एका सकाळी सगळ्यांच्या दुर्बिणी लांबच्या गुलाबी पट्ट्याकडे लागलेल्या असताना एक कोळीण ओहोटीच्या चिखलातून चालत जेट्टीकडे आली. साठी ओलांडलेली असावी. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाय मांड्यांपर्यंत राखाडी, कमरेला बांधलेल्या टोपलीत काहीतरी वळवळत होतं.

"काय मिळालं, मावशी?" मी विचारलं.

"निवट्या," ती म्हणाली आणि टोपली पुढे केली.

बोटभर लांबीचे, डोक्यावर बटणासारखे डोळे असलेले ते मासे मी ओळखले. पाण्याबाहेर राहणारा मासा म्हणून वर्षानुवर्षं फळ्यावर त्याची आकृती काढली होती, पण हातात कधी घेतला नव्हता. तिने एक माझ्या तळव्यावर ठेवला. त्याने डोळे आत ओढून घेतले, पुन्हा बाहेर काढले आणि टुणकन उडी मारून जेट्टीवर पडला. रोहित पक्ष्यांकडे मी त्या दिवशी परत पाहिलंच नाही.

"कशा पकडता?"

"हातान. बील बघायचं, हात घालायचा. अजून कसं?"

"मला दाखवाल?"

तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. "मंगलवारी ये. दहाच्या सुमाराला पानी उतरंल. आनि ते बूट घरी ठेव."

मंगळवारी मी गेले. चिखलात चालणं ही शिकायची गोष्ट आहे हे मला माहीत नव्हतं. ती पुढे सरसर निघाली आणि मी चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. पाय ओढायला लागले तसा दुसराही गेला.

"उभी राहू नको ना!" ती ओरडली. "उभा राहिला तो बुडाला. वाक, हात टेक, आनि पाय मागं काढ." आणि मग, मी चारी पायांवर रांगताना पाहून, पोट धरधरून हसली.

कशीबशी मी तिच्यापर्यंत पोहोचले. तिथे तिने मला बिळं दाखवली. एका बिळाला दोन तोंडं असतात. एकावर ती टाच दाबून धरायची आणि दुसऱ्यातून कोपरापर्यंत हात आत घालायची. दोन-तीन क्षण डोळे मिटायची, आणि निवटी बाहेर. मी सात-आठ बिळांत हात घातला. मला एक खेकडा मिळाला, तोही त्यानेच मला धरलं म्हणून.

मग एका बिळात तिने हात घातला आणि लगेच काढून घेतला. वर बुडबुडे आले. ती पुढच्या बिळाकडे वळली.

"हे का सोडलं?"

"पोरं हायत आत."

"कशावरून?"

"बुडबुडं आलं ना. नुस्त्या बिलातून नाय येत. अंडी असली की नर तोंडान हवा भरून आत नेतो. घोट घोट. पोरांना नको का हवा?"

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, ही गोड समजूत आहे. मासा आपल्या अंड्यांना हवा कशाला नेईल? घरी आले, अंघोळ केली, नखांतला चिखल काढत वाचायला बसले. अभ्यासकांनी हे खरोखरच पाहून ठेवलं होतं. बिळाच्या तळाशी पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, म्हणून मासा वरून तोंडात हवा भरतो आणि खाली अंड्यांच्या खोलीत सोडतो. त्यांनी ते उपकरणं लावून शोधलं होतं. हिने ते बोटांनी शोधलं होतं, आणि मी प्राणिशास्त्राची बाई असून तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त, तिला अजून काय काय माहीत असेल याची ओढ लागली.

मी हे सगळं शाखेच्या सचिवाला सांगितलं. हा मुलुंडचा, तिशीतला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा आणि मुळात पक्षिवेडा. त्याचे डोळे चमकले. "झकास, मॅडम! आपण बिळांचा नकाशाच करू ना."

पुढचे काही रविवार आमचे सहा-सात सभासद चिखलाच्या कडेने फिरले. मावशी दाखवायची, हा मोबाइलवर टिंब टाकायचा. अंड्यांची बिळं लाल, बाकीची निळी. नकाशा खरोखर सुंदर झाला. मुख्य कार्यालयालाही आवडला. तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकायचं ठरलं, आणि त्याआधी मी तो मावशीला दाखवायला नेला. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

जेट्टीच्या पायरीवर बसून तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. जेट्टी ओळखली, तिवरांची रांग ओळखली. मग टिंबांवर बोट ठेवलं. "ही माझी बिलं?"

"हो. सगळी आहेत बघा."

"हे कोन कोन बघनार?"

"कोणीही. सगळ्यांना दिसेल."

तिने टिंबांवरून बोट काढलं. मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "बाय, माझी आई जिथं हात घालायची ना, ते मना तिनं दाखवलं. मी माझ्या सुनंला दाखवलं. दुसऱ्या कुनाला नाय. तुला आनि तुझ्या मानसांना दाखवलं, कारन तू इचारलंस. तू आख्ख्या मुंबईला सांगनार?"

मी मोबाइल पिशवीत टाकला. नकाशा टाकणार नाही एवढंच म्हणाले आणि निघाले.

त्या संध्याकाळी सचिव पार्ल्याला आमच्या घरी आला. मी सांगितल्यावर तो गप्प बसला नाही. "मॅडम, मला त्यांचं पटतं. पण उद्या कुणी तिथे भराव टाकला तर आपण काय दाखवणार? इथे काहीतरी होतं, कुठे ते सांगत नाही, असं? कोण ऐकेल, यार?" तोंडातून यार गेल्यावर त्याने जीभ चावली. पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लपवलं तर जागा जाण्याची भीती, उघड केलं तर तिच्या हातून जाण्याची. आई आतून चहा घेऊन आली. सगळं ऐकून मालवणीत म्हणाली, "अगो, मगे तिकाच इचार मा. तुमी दोघां कित्याक भांडतास?"

इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांना सुचली नव्हती.

आम्ही दोघं माहुलला गेलो. मावशीने आणखी चार बायकांना बोलावलं होतं. सचिवाने आपली अडचण त्यांना सरळ सांगितली, भराव, पुरावा, सगळं. त्या आपापसांत भरभर बोलल्या, मला अर्धंच कळलं. मग मावशीने काठी घेतली आणि ओल्या चिखलात नकाशा काढला: इकडे जेट्टी, तिकडे तिवरं, आणि मधली सगळी जागा घेणारा एक मोठा आकार, आमची टिंबं होती त्याच्या चारपट जागेचा.

"हे लिव. इथं निवटी हाय, एवढंच. आत कुठं, ते आमच्याजवल राहूदे. कुनी इचारलं तर आमाला बोलव. आमी येऊन सांगू."

सचिवाने तो आकार जसाच्या तसा उतरवला. मुख्य कार्यालयाने नकाशा परत पाठवला: टिंबं का काढून टाकली? मी कारण लिहिलं आणि तोच नकाशा पुन्हा पाठवला. तोही परत आला. तिसऱ्या वेळी मी लिहिलं की माहिती ज्यांची आहे त्यांनी एवढीच दिली आहे, आणि शाखाप्रमुख म्हणून ही जबाबदारी माझी. शेवटी तो संकेतस्थळावर लागला. टिंबांची जुनी फाइल सचिवाने माझ्यासमोर पुसून टाकली. त्याला ते जड गेलं, मी पाहत होते.

त्यानंतर महिनाभर मी माहुलला गेले नाही. तिची बिळं आधी मीच मोबाइलवर टाकू दिली होती, म्हणून धीर झाला नाही. मग मावशीचाच फोन आला, सुनेने लावून दिलेला. "मेलीस का बाय? ये की."

आता दर पंधरा दिवसांनी जाते. रुतते कमी. निवटी आतापर्यंत एकच मिळाली आहे, आणि तीही मी सोडून दिली म्हणून मावशीने मला वेड्यात काढलं. मागच्या खेपेला तिने मला विचारलं, "तू शिकलेली ना? मग सांग, मोठ्या भरतीनंतर ह्या निवट्या बिलाचं तोंड बदलतात. जुनं बुजवतात, नवं काढतात. का?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं, सापडलं नाही. सचिवाला विचारलं, त्यालाही नाही. तेव्हा आता आम्ही तिघं मोठ्या भरतीच्या दुसऱ्या दिवशी जातो आणि पाच बिळांसमोर वाकून बसतो. कुठली पाच, ते फक्त आम्हाला ठाऊक आहे.